उन्मादाच्या वेद्या : एक आस्वाद, एक आक्षेप

काही महिन्यांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक माता आपल्या महाविद्यालयीन मुलाला घेऊन माझ्याकडे आली. मुलगा रविवारच्या मिस्साला गायकवृंदाबरोबर ड्रम वाजवतो. परंतु रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तो जे ऐकतो, ते एकदा कानी पडून तिचा थरकाप उडाला होता. मोबाईलच्या पडद्यावर विद्रूप चेहऱ्यांचा एक गुंता होता आणि त्यासोबत नाव होते 'ऑल्टर्स ऑफ मॅडनेस', म्हणजे उन्मादाच्या वेद्या. "फादर, हे पुसून टाकायला सांगा त्याला," एवढेच ती म्हणाली. मुलाने खाली मान घालून विचारले, "फादर, तुम्ही ऐकलंय का ते?" मी ऐकले नव्हते. जे ऐकले नाही त्याविषयी निवाडा देणे मला प्रशस्त वाटेना. मी दोघांकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत जे ऐकले आणि जाणून घेतले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

'मॉर्बिड एंजेल' हा अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील टँपा शहरात उदयास आलेला वाद्यवृंद. त्याची ही पहिली प्रकाशित ध्वनिमुद्रिका 1989 च्या मे महिन्यात 'इअरेक' या ब्रिटिश कंपनीने बाहेर काढली. तिचे ध्वनिमुद्रण टँपामधीलच 'मॉरिसाउंड' या स्टुडिओत झाले. 'डेथ मेटल' या संगीतप्रकाराची घडण त्या काळी चालू होती आणि त्या घडणीत या शहराचा व या स्टुडिओचा वाटा मोठा आहे. डेव्हिड व्हिन्सेंट याचे गायन व बेस गिटार, ट्रे अ‍ॅझॅगथॉथ आणि रिचर्ड ब्रुनेल यांच्या गिटारी आणि पीट सँडोव्हाल याचे ड्रम अशी मांडणी आहे. सीडीवर दहा गीते असून ती साधारण 39 मिनिटांत संपतात. पहिल्या गीताचा आरंभच गिटारीचा तुकडा उलटा फिरवून केलेला आहे. आपण एका उलट्या जगात शिरत आहोत, याची ही सूचना समजावी.

या उलट्या जगाचा खरा चालक आहे तो ड्रमवादक. या संगीतात 'ब्लास्ट बीट' नावाचा एक ठेका असतो. एक हात झांजेवर, दुसरा स्नेअर ड्रमवर आणि पाय बेस ड्रमच्या पेडलवर. हाताचा आणि पायाचा आघात एकाआड एक, अखंड. लय मिनिटाला 200 मात्रांची धरली आणि प्रत्येक मात्रेचे चार भाग केले, तर मिनिटाला 800 आघात होतात, म्हणजे सेकंदाला तेरांहून अधिक. आपल्याकडील द्रुत लय ज्यांनी ऐकली आहे, त्यांनाही हा वेग प्रथम निव्वळ गोंगाट वाटेल. मलाही वाटला. तिसऱ्या दिवशी मात्र त्या गोंगाटाची वीण कानाला कळू लागली. गिटारींचे सूर वेडेवाकडे वळतात, मध्येच तुटतात, दिशा बदलतात. आणि प्रत्येक वळणावर ड्रम तेथे आधीच येऊन उभा असतो. पुढे या संगीतप्रकारातील अनेक ध्वनिमुद्रिकांत संगणकाच्या साहाय्याने आघात सारखे करून घेण्याची पद्धत रुळली. येथे माणसाची धडपड ऐकू येते, श्रम ऐकू येतात.

या वादनाचे मोल तुलनेने अधिक स्पष्ट होते. याच वाद्यवृंदाने 1986 मध्ये एक संग्रह ध्वनिमुद्रित केला होता. तो त्यांना स्वतःलाच न रुचल्यामुळे बाजूला पडला आणि 1991 मध्ये 'अ‍ॅबॉमिनेशन्स ऑफ डेसोलेशन' या नावाने प्रकाशात आला. त्यात ड्रमवादक वेगळा आहे. 'चॅपल ऑफ घूल्स' हे गीत दोन्हीकडे आहे. ही दोन रूपे पाठोपाठ ऐकावीत. रचना तीच, भाव तोच. पण पहिल्या रूपात जे केवळ दांडगेपण आहे, त्याला दुसऱ्या रूपात बांधा आला आहे.

सँडोव्हालचा जन्म एल साल्वादोरमधला, म्हणजे संत ऑस्कर रोमेरो यांच्या देशातला. लॉस एंजलिस येथे 'टेररायझर' या वाद्यवृंदात तो वाजवीत असे आणि 1988 मध्ये तो 'मॉर्बिड एंजेल'मध्ये आला. तोवर दोन पायांनी दोन पेडल वाजवण्याचा सराव त्याला नव्हता. येथे आल्यावर अल्पावधीत, अविश्रांत मेहनतीने त्याने ते साधले. हे वाचले तेव्हा मला सेमिनरीतील दिवस आठवले. ऑर्गनवरचा एकच तुकडा शंभरदा वाजवणाऱ्या माझ्या सोबत्याला आम्ही हसत असू. वर्षभराने तोच उपासनेत वाजवू लागला, तेव्हा आमचे हसू थांबले. देहाला अशा प्रकारे वळण लावणे ही साधनाच आहे. तिला साधना म्हणावयास मी कचरणार नाही.

कोणी म्हणेल, ड्रम हे वाद्यच पावित्र्याशी विसंगत आहे. त्याविषयी चर्चचा स्वतःचा इतिहास बोलका आहे. पोप संत दहावे पायस यांनी 1903 च्या आदेशपत्रात चर्चमध्ये पियानो वाजवण्यास मनाई केली आणि ड्रम व झांजांसारख्या गोंगाटी वाद्यांनाही दूर ठेवले. पुढे 1963 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक दस्तऐवजाने पाइप ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांनाही, ती पवित्र उपयोगास योग्य असतील तर, दार उघडून दिले. स्तोत्रसंहितेच्या दीडशेव्या स्तोत्रात तर डफही आहे आणि झणझणणाऱ्या झांजाही आहेत. तेव्हा आक्षेप घ्यावयाचा तो वाद्यावर वा वेगावर घेता येणार नाही.

माझा पहिला आक्षेप शब्दांवर आहे. वेदी, विधी, चॅपल, देवनिंदा, नरकवास : या गीतांच्या शीर्षकांतील किती शब्द आमच्याच घरातले आहेत! 'चॅपल ऑफ घूल्स'मध्ये देव मृत झाल्याची द्वाही फिरवली आहे, आणि जो मृत झाला त्यालाच शिव्या देण्यात बाकीची गीते खर्ची पडली आहेत. ही बंडखोरी ज्या घरावर दगड मारते, त्याच घरात भाड्याने राहते. श्रद्धावंताचे मन यामुळे दुखावते, हे मी नाकारीत नाही, माझेही दुखावले. परंतु समीक्षक म्हणून मला अधिक खटकते ते हे, की या निंदेमागे कोणतीही जखम दिसत नाही. ईयोबाने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, तो ग्रंथ आम्ही पवित्र शास्त्रात ठेवला आहे. कारण त्या शापामागे मेलेली मुले आहेत, सडलेला देह आहे आणि उत्तराची मागणी आहे. येथे मागणी नाही, कोणाकडे पाहून बोलणेही नाही. आहे ते रंगमंचावरचे काळे कापड. गायकाच्या घोगऱ्या गर्जनेत हे शब्द बहुधा कळतही नाहीत. त्या मुलाला मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "फादर, शब्द मला अर्धेही कळत नाहीत. मी ड्रम ऐकतो." त्याच्यावर अविश्वास दाखवण्याचे मला कारण दिसले नाही.

दुसरा आक्षेप संगीताच्या अंगाने आहे. 'चॅपल ऑफ घूल्स'मध्येच एका ठिकाणी वेग उतरतो, गिटारी जड पावलांनी चालू लागतात, आणि ऐकणाऱ्याला प्रथमच श्वास घ्यावयास सवड मिळते. सबंध संग्रहातील ती जागा माझ्या स्मरणात सर्वाधिक राहिली. मागचा वेग किती प्रचंड होता, हे त्या उतारावरच समजते. अशा जागा थोड्या आहेत. त्या अधिक असत्या, तर हा संग्रह अधिक थोर झाला असता. सहा दिवसांच्या निर्मितीचा अर्थ सातव्या दिवसाच्या विसाव्याने पुरा होतो, ही गोष्ट संगीतालाही लागू आहे.

या कथेचा उत्तरार्ध मला अनपेक्षित होता. 2010 मध्ये सँडोव्हालच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली आणि 2011 च्या ध्वनिमुद्रिकेत त्याच्या जागी दुसरा वादक आला. 2013 मध्ये व्हिन्सेंटने जाहीर केले, की पीट येशूकडे वळला आहे आणि म्हणून त्याचा व 'मॉर्बिड एंजेल'चा मेळ आता बसणार नाही. वेदीच्या विटंबनेची गाणी ज्याच्या आघातांवर उभी राहिली, तो माणूस अशा रीतीने वेगळा झाला. त्याने ड्रम मात्र सोडला नाही. 2018 मधील 'टेररायझर'च्या 'कॉस्टिक अटॅक' या संग्रहात त्याचा वेग तोच आहे. पुढे तो व्हिन्सेंटच्या 'आय अ‍ॅम मॉर्बिड' या नव्या वाद्यवृंदात सामील झाला आणि जुनी गीते पुन्हा वाजवू लागला. या परतण्याचा अर्थ काय लावावा, हे त्याच्या विवेकावर सोडलेले बरे. मनपरिवर्तनाचा रस्ता सरळच जातो, असे पापनिवेदनाच्या कक्षात बसणारा कोणताही धर्मगुरू सांगणार नाही.

आठ दिवसांनी माता आणि मुलगा आले. मी तिला म्हटले, "बाई, मी हे पुसायला सांगणार नाही. आज पुसले तर उद्या तो चोरून ऐकेल, आणि चोरून ऐकलेल्याविषयी तुमच्याशी बोलणार नाही." मुलाला म्हटले, "बाळा, या माणसाचे हात तुला गुरू करावेसे वाटतात, तर जरूर कर. त्या हातांना कोणाच्या सेवेला लावले होते, तेही विसरू नकोस. आणि ऐकून झाले की दहा मिनिटे काही न ऐकता बस. त्या शांततेत मनात काय उरते, ते मला येऊन सांग." मातेचे समाधान झाले असे म्हणवत नाही, जाताना तिचा चेहरा गंभीरच होता. तिची भीती खोटी नाही, आणि मुलाचा कानही खोटा नाही.

मुलगा अजून सांगायला आलेला नाही. गेल्या रविवारी अर्पणगीताच्या वेळी त्याने ड्रमवरचा हात अगदी हलका ठेवला होता, आणि शेवटच्या कडव्याला तो वाजवायचा थांबून नुसता ऐकत बसला होता. मी वाट पाहतो आहे.