दुर्लक्ष सोसणारे संगीत

इंग्रज संगीतकार ब्रायन ईनो १९७५ साली अपघातानंतर अंथरुणास खिळून होते. भेटीस आलेल्या मैत्रिणीने अठराव्या शतकातील हार्पवादनाची तबकडी आणली. ती गेल्यावर त्यांनी ती कशीबशी लावली. पण आवाज अतिशय क्षीण, एक ध्वनिक्षेपक मुका आणि बाहेर पाऊस. पुन्हा उठण्याचे त्राण नव्हते. पावसात मिसळलेले ते सूर तसेच ऐकावे लागले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

या अनुभवाचा धागा १९७८ च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ या ध्वनिमुद्रिकेपर्यंत पोचतो. तिच्या चार भागांपैकी दुसरा आम्हांस विशेष भावतो. त्यात शब्दहीन मानवी स्वर कमीअधिक लांबीच्या टेपच्या वेटोळ्यांवर मुद्रित केले आहेत. प्रत्येक स्वर आपापल्या अवधीने परततो. कधी दोघे-तिघे एकत्र येतात, कधी मध्ये नुसती शांतता पसरते. कोणी कोणास केव्हा भेटावे, हे रचनाकारानेही ठरवलेले नाही. म्हणूनच की काय, ती भेट काळजाला भिडते.

हे संगीत लक्ष देऊन ऐकावे, तसेच दुर्लक्षिताही यावे, ही ईनोंची भूमिका. ती आम्हांस पूर्णतः पटत नाही. पहिल्या भागातील पियानो खुशाल दुर्लक्षिता येतो; दुसऱ्याच्या बाबतीत ते आम्हांस एकदाही साधले नाही.

स्नेह्यांना हे ऐकवताना मात्र पंचाईत होते. गुणगुणून दाखवावी अशी ओळच नाही! आम्ही ध्वनिमुद्रिका हाती देतो आणि रात्री, पाऊस असताना, आवाज अगदी कमी ठेवून लावा, इतकेच सुचवतो.