चिमणी उरली, उजेड गेला

लोअर परळच्या फिनिक्स मॉलच्या आवारात एक जुनी चिमणी उभी आहे. दुकानांमधून बाहेर आलेली माणसं तिच्यासोबत सेल्फी काढतात. १९०५ साली स्थापन झालेल्या फिनिक्स मिलची ही खूण. जुन्या इमारतींच्या जतनाचा विषय निघाला की तिचं नाव हमखास येतं: बघा, वापर बदलला, पण इतिहास राखला.

मला हे पटत नाही. गिरणीच्या इमारतीत राखण्यासारखं सगळ्यात कमी काही असेल, तर ती चिमणी.

मी जालन्याचा. शिक्षण इंजिनिअरिंगचं, नोकरी सॉफ्टवेअरची, आणि तिची तीन वर्षं लोअर परळमधल्याच एका गिरणीच्या जुन्या आवारातल्या ऑफिसात गेली. आर्किटेक्चर मी शिकलेलो नाही. पण एखादी व्यवस्था मुळात कशासाठी बांधली होती आणि आज ती कशासाठी राबवली जाते, यातली तफावत शोधणं हे माझं रोजचं काम आहे. गिरणीकडे मी त्याच नजरेने पाहतो.

आधी चिमणी. बॉयलरमधला तापलेला धूर हलका असतो, तो वर चढतो आणि खालून ताजी हवा ओढून घेतो. चिमणी जितकी उंच, तितकी ओढ जास्त. बॉयलरच्या वाफेवर इंजिन फिरायचं आणि दोर-पट्ट्यांवरून ती ताकद प्रत्येक मजल्यावरच्या यंत्रांपर्यंत जायची. म्हणून कताईच्या इमारती लांबट आणि अनेक मजली. पण १९१५ साली खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्राची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. इंजिन फिरवण्यापुरती चिमणीची गरज तेव्हापासूनच ओसरायला लागली. म्हणजे ज्या अवयवाला आपण गिरणीचा आत्मा समजतो, त्याचं मुख्य काम गिरण्या बंद पडायच्या कितीतरी आधीच संपत आलं होतं.

खरं डिझाइन होतं छपरात. माग जोरात हादरतात, म्हणून विणकाम जमिनीवरच्या एकमजली शेडमध्ये चालायचं. त्या शेडवर करवतीच्या दात्यांसारखं छप्पर असायचं. प्रत्येक दात्याची एक बाजू उतरती आणि बंद, दुसरी जवळपास उभी आणि काचेची. काचेची बाजू उत्तरेला. उत्तरेकडून ऊन येत नाही, फक्त उजेड येतो: सावली न पाडणारा, दिवसभर फारसा न बदलणारा. तुटलेला धागा त्यात पटकन दिसतो. शिवाय हे छप्पर कितीही वाढवता येतं. एक दाता झाला की पुढचा तसाच. आमच्या भाषेत सांगायचं तर एकच मॉड्यूल, हवं तितक्या वेळा. मला हे छप्पर मुंबईतल्या कितीतरी नावाजलेल्या दर्शनी इमारतींपेक्षा जास्त हुशार वाटतं.

पण ते मुंबईचं नव्हतं. ते लँकेशायरहून आलं. मँचेस्टर ५३ अक्षांशावर आहे, तिथे दुपारचा सूर्य कायम दक्षिणेला. मुंबई १९ अक्षांशावर. इथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे सरकतो. पावसाळी ढग येईपर्यंत, म्हणजे ऐन उकाड्यात, ऊन थेट त्या काचेवर. त्यात कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून खिडक्या बंद ठेवायच्या आणि हवेत ओलावा राखायचा. उजेड कापडासाठी, दमटपणा सुतासाठी, आणि मग उरेल त्यात माणूस. गिरण्यांच्या आठवणीने गहिवरून येताना हा क्रम विसरता कामा नये.

आता मॉलच्या आत चला. खिडक्या नाहीत, कारण थंडावा बाहेर जायला नको आणि बाहेर संध्याकाळ झाल्याचं कळायला नको. दिव्यांचे झोत कपड्यांवर. वरवर पाहता सगळं बदललं, पण रचनेचा क्रम तोच: कापड आधी, माणूस नंतर. फरक एवढाच की पूर्वी आत येणाऱ्याला पगार मिळायचा, आता आत येणाऱ्याने पैसे घेऊन यायचं असतं.

या दोन टोकांच्या मधे काय झालं? १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांसाठी परतीचा दरवाजा उघडलाच नाही. मग लक्ष गेलं जमिनीकडे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने ढोबळमानाने तीन वाटे ठरवले: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनींचा सुटा सुटा नव्हे, एकत्रित आराखडा सुचवला. तो कागदावर राहिला.

२००१ मध्ये नियमात बदल झाला. वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची. शेड पाडून मोकळी झालेली जमीन त्यात मोजायची नाही. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याविरुद्ध निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१ चा बदल कायम ठेवला. प्रोग्रॅममध्ये एका व्याख्येची एक ओळ बदलली की सगळं आउटपुट बदलतं, हे मी रोज पाहतो. इथे त्या ओळीने एका शहराची मैदानं आणि घरं आकसली. एकमजली शेड जमीन भरपूर व्यापते. तिचा शेवटचा उपयोग हा झाला की तिच्याखालची जमीन वाटणीतून वगळता आली. त्यानंतर ती पाडायला हरकत नव्हती.

चिमणीचं तसं नाही. चिमणी जागा खात नाही, लांबून दिसते, फोटोत छान येते, आणि तिच्यावर कुणाचा हक्क सांगता येत नाही. ती राखायला काही द्यावं लागत नाही. म्हणून ती उरली.

फिनिक्समध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस बोलिंग अ‍ॅली आली, मग दुकानं, २००९ मध्ये पॅलेडियम, मग पंचतारांकित हॉटेलचा टॉवर. आसपासच्या आवारांत ऑफिसं, स्टुडिओ, हॉटेलं. इमारतींचा वापर बदलला, पण त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटा बदलल्या नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, कमला मिलच्या आवारातल्या आगीत १४. वापर बदलणं म्हणजे आतली सजावट बदलणं नव्हे. किती माणसं येतील, कुठून येतील आणि संकटात कुठून बाहेर पडतील, हेही नव्याने मांडावं लागतं.

दुसरा रस्ता होता का? होता. ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरात पिंप बनवणारा एक कारखाना बंद पडला होता. १९७७ मध्ये तो बदलण्याचं काम आर्किटेक्ट लिना बो बार्दी यांच्याकडे आलं. त्यांनी पाहिलं, की सुट्टीच्या दिवशी त्या रिकाम्या शेडमध्ये मुलं धावत असतात, कुटुंबं वेळ घालवायला येतात. त्यांनी ठरवलं, जे चाललंय ते चालू राहू द्यायचं. विटांच्या भिंती आणि शेड ठेवल्या, आत वाचनालय, नाट्यगृह, कार्यशाळा आणल्या. खेळ आणि पोहण्यासाठी शेजारी काँक्रीटचे नवे मनोरे उभारले. सेस्क पॉम्पेया नावाचं हे केंद्र १९८२ मध्ये उघडायला लागलं. त्याच वर्षी आपल्याकडे गिरण्यांचे दरवाजे बंद होत होते. त्यामागची सेस्क ही संस्था व्यापारी आस्थापनांच्या पगारपत्रकावरच्या वर्गणीतून चालते. म्हणजे तिथे शेड वाचली ती एकट्या आर्किटेक्टच्या प्रतिभेमुळे नव्हे. पैसा कुठून येणार आणि दार कुणासाठी उघडं असणार, हे आधी ठरलं होतं.

हे सगळं जालन्याच्या माणसाने का लिहावं? कारण गिरणगावची गोष्ट गिरणगावात सुरू होत नाही. मराठवाड्याचा कापूस सरकी काढून, गाठी बांधून मीटरगेजच्या गाडीने मनमाडला जायचा, तिथे ब्रॉडगेजवर चढायचा आणि मुंबई गाठायचा. ‘जालना सोने का पालना’ या म्हणीतल्या सोन्यात या कापसाचाही वाटा होता. आज आमची ओळख बियाणं आणि सळई. एमआयडीसीतली रोलिंग मिलची शेड नटबोल्टची असते: खोलली, हलवली, दुसरीकडे उभी केली. तिच्यासाठी कुणी रडणार नाही, आणि रडूही नये. पण जुन्या जिनिंग-प्रेसिंगच्या आवारांचं काय? आमच्याकडच्या कापसाच्या गावांत अशा आवारांवर एक तर प्लॉटिंग पडतं किंवा मंगल कार्यालय होतं. कुठे कुणाला जतनाची हौस आलीच, तर जुनं प्रेस रंगवून गेटपाशी ठेवतील. म्हणजे पुन्हा चिमणीच.

त्याच गावांत पोरं-पोरी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला अभ्यासिका शोधत फिरतात. दुकानाच्या वरचा मजला, प्लायवूडचे कप्पे, दिवसाढवळ्या ट्यूबलाइट, महिन्याची फी. जिनिंगच्या शेडला उत्तरेचा उजेड असेलच असं नाही, पण उंच, मोकळी जागा असते आणि छपराला काचेची एक बाजू करून घेणं अवघड नाही. जालन्यात काच कुठल्या कोनात बसवली म्हणजे मेचं ऊन आत येणार नाही, हे आज मोबाइलवर पाच मिनिटांत काढता येतं. ज्या उजेडात तुटलेला धागा दिसायचा, त्या उजेडात पुस्तक उत्तम वाचता येईल. नगरपालिका, महापालिका किंवा बाजार समिती, ज्यांच्या हातात अशा जागा आहेत त्यांना विचारायचा प्रश्न एवढाच: खूण राखणार आहात की उजेड?