काळ्या मातीची अपुरी ओळख

शालेय भूगोलात काळ्या मातीवर एक ठरलेला परिच्छेद असतो. लाव्हारसापासून बनलेल्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन ही माती तयार झाली; तिला रेगूर म्हणतात; ती ओलावा धरून ठेवते; ती सुपीक असून कापसाला उत्तम असते. एवढे लिहिले की विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळतात.

हाच विद्यार्थी दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा किंवा बाळापूर भागातला असेल, तर याच मातीविषयी घरी तो वेगळेच ऐकत असतो. विहिरीचे पाणी दिले की जमीन बिघडते. जोराचा पाऊस झाला की वावरात पाणी साचून राहते आणि वाफसा वेळेवर येत नाही. वरून ओल दिसते, पण हातभर खाली माती कोरडी असते. पुस्तकातली माती आणि वावरातली माती यांत एवढे अंतर का पडते, हे आपण येथे तपासू. दोष केवळ पाठ्यपुस्तकाचा आहे असे आमचे म्हणणे नाही. शास्त्रज्ञांच्या वर्गीकरणातही एक उणीव आहे, आणि ती याच भागातल्या मातीने दाखवून दिली आहे.

चार विधाने

पहिले विधान खडकाविषयीचे. ते खरे आहे, पण अर्धे. उत्तरेला सातपुड्याचे गाविलगडचे डोंगर आणि दक्षिणेला अजिंठ्याची रांग, यांच्यामध्ये पूर्णा नदीचे खोरे आहे. तिथली माती जागेवरच्या खडकातून झालेली नाही. नदीनाल्यांनी वाहून आणलेल्या गाळात ती तयार झाली. हा गाळ मूळचा बेसाल्टचाच, पण काही ठिकाणी त्याची जाडी शंभर मीटरहून अधिक आहे. उलट डोंगरउतारावर हातभर खणले की मुरूम लागतो. पुस्तकाच्या लेखी मात्र दोन्ही जमिनी 'काळ्या'च.

दुसरी गोष्ट रंगाची. काळी म्हणजे सेंद्रिय द्रव्याने भरलेली, असा समज सहज होतो. वऱ्हाडातल्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याहूनही कमी असतो. थोडेसेच सेंद्रिय द्रव्य चिकणमातीच्या सूक्ष्म कणांशी घट्ट बांधले गेले तरी माती गडद दिसते. म्हणजे रंगावरून सुपीकता ठरवता येत नाही.

तिसरे विधान ओलाव्याचे. येथल्या खोल काळ्या मातीत निम्म्याहून अधिक भाग चिकणमातीचा असू शकतो, आणि त्यात स्मेक्टाइट गटातली खनिजे प्रमुख असतात. त्यांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते, माती फुगते. पाणी गेले की आकसते. अशी माती पाणी पुष्कळ धरते, पण त्यातले बरेचसे इतके घट्ट धरते की मुळांना ते ओढता येत नाही. शिवाय पाणी धरून ठेवण्याआधी ते आत शिरले पाहिजे. पूर्णाकाठच्या कित्येक जमिनींत अडचण नेमकी इथे येते.

चौथे विधान सुपीकतेचे आणि कापसाचे. ते कोठे खरे आणि कोठे खोटे, हे पुढच्या चर्चेतून दिसेल.

वर्णन कसे करावे

मातीचे वर्णन म्हणजे तिच्या थरांचे वर्णन. त्यासाठी नांगर-वखर न लागलेली जागा बरी. वऱ्हाडात गावाच्या चराईसाठी राखलेल्या 'ई-क्लास' जमिनी असतात. मारवेल, पवन्या, कुसळी अशा गवतांच्या या पडीक रानात एप्रिल-मे महिन्यांत गेले तर मातीचा मूळ स्वभाव उघडा दिसतो. वखरणीने बुजलेल्या नसल्याने भेगा शाबूत असतात. भेगेची रुंदी पट्टीने मोजावी, खोली तार सोडून पाहावी. पावसाळ्यात याच रानात गुरांच्या खुरांनी ओली माती दडपली जाते, गवत विरळ होते. तेव्हा भेगांबरोबर गवताचे वर्णनही टिपून ठेवावे.

नंतर जवळच्या नाल्याचा मोकळा झालेला, पक्का काठ पाहावा. मुलांना नवा खड्डा खणायला लावू नये, आणि ढासळता काठही टाळावा. वरचा थर भुसभुशीत, दाणेदार असतो. त्याखाली पाचरीच्या आकाराची, तिरकी बसलेली ढेकळे सापडतात. ती हलकेच उकलली की काही बाजू चकचकीत दिसतात आणि त्यांवर बारीक ओरखड्यांच्या रेषा असतात. फुगलेल्या मातीचे थोराड तुकडे एकमेकांवरून घसरल्याची ही खूण. त्याच थरांत चुनखडीचे पांढुरके खडे दिसले तर त्यांची खोली आणि प्रमाण लिहून घ्यावे.

हे तपशील विज्ञानाच्या दृष्टीने निर्णायक आहेत. अमेरिकेत १९६० साली मांडलेल्या आणि १९७५ साली 'सॉइल टॅक्सॉनॉमी' या नावाने प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत अशा मातींना 'व्हर्टिसॉल' म्हणतात. लॅटिनमध्ये 'व्हर्टेरे' म्हणजे उलटणे. या वर्गात बसायला निदान ५० सेंटिमीटर खोलीपर्यंत ३० टक्के किंवा अधिक चिकणमाती, ठरावीक काळी उघडणाऱ्या-मिटणाऱ्या भेगा, आणि चकचकीत घसरपृष्ठे किंवा पाचरीसारखी ढेकळे लागतात. व्याख्येत रंगाचा उल्लेखही नाही. आपल्याकडच्या उथळ काळ्या जमिनी या वर्गात बसत नाहीत, आणि काळी नसलेली माती बसू शकते. रंग सोडून वागणुकीवर वर्ग उभारणे हे या पद्धतीचे मोठे यश आहे. त्यामुळेच अकोल्याची माती सुदान, टेक्सास किंवा क्वीन्सलँडच्या मातीशी ताडून पाहता येते.

जुन्या दफ्तरातले दोष

याआधीही आपल्याकडे वर्गीकरण होतेच. मुंबई इलाख्याच्या महसूल मोजणीसाठी विंगेट, गोल्डस्मिड आणि डेव्हिडसन यांनी १८४७ साली नियम घालून दिले. १८६० नंतर वऱ्हाडची मोजणी त्याच धर्तीवर झाली. जमिनीची प्रत आणि खोली पाहून आणेवारी ठरे. सर्वांत चांगली जमीन सोळा आणे. मग दोष नोंदले जात आणि प्रत्येक दोषाला जमीन एक वर्ग खाली उतरे. या दोषांच्या यादीत दोन गोष्टी लक्ष वेधतात : मातीत चुनखडीचे बारीक खडे असणे, आणि जमिनीत पाणी न मुरणे.

ही पद्धत साऱ्यासाठी होती, त्यामुळे तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. दोष का येतो, हे तिने विचारले नाही. पण चुनखडी आणि न मुरणारे पाणी हे दोन दोष तिने पाहिले, ही गोष्ट खरी. आपल्या आजच्या पाठात तेही नाहीत.

पंधराची रेषा

हे दोन दोष एकमेकांशी जोडलेले आहेत, हे पूर्णा खोऱ्यातल्या अभ्यासांनी स्पष्ट केले. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोतील शास्त्रज्ञांचा त्यात मोठा वाटा आहे. बलपांडे, देशपांडे आणि पाल यांचा पूर्णा खोऱ्यावरचा निबंध १९९६ साली प्रसिद्ध झाला. कारणांची साखळी अशी. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि त्यांना कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियमचे धनभारित आयन चिकटून असतात. कमी पावसाच्या कोरड्या हवामानात मातीतल्या पाण्यातले कॅल्शियम चुनखडी होऊन बाहेर पडते. उरलेल्या पाण्यात सोडियमचे प्रमाण वाढते आणि ते कणांवर जागा पटकावते. सोडियम वाढले की कण एकमेकांना सोडून विखुरतात, बारीक छिद्रे बुजतात, पाणी उतरेनासे होते. पाणी उतरले नाही की सोडियम धुऊन जात नाही, आणि चक्र चालू राहते. खोऱ्यात पूर्वेकडून पश्चिमेकडे पाऊस कमी होत जातो, तसा हा बिघाड वाढत जातो.

आता वर्गीकरणाची उणीव पाहू. कणांवरच्या एकूण जागांपैकी सोडियमने व्यापलेल्या जागा १५ टक्के झाल्या की आंतरराष्ट्रीय पद्धत त्या मातीला 'सोडिक', म्हणजे आपल्या भाषेत चोपण, असे विशेषण लावते. ही रेषा अमेरिकेतल्या क्षारता प्रयोगशाळेच्या १९५४ सालच्या पुस्तिकेतून रूढ झाली. ऑस्ट्रेलियाने आपल्या मातींसाठी ती ६ वर आणली. आपल्याकडे कडू आणि सहकाऱ्यांनी नागपूर, अमरावती, अकोला या जिल्ह्यांतल्या व्हर्टिसॉल मातींचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. सोडियम ५ टक्क्यांच्या पुढे गेले आणि पाणी उतरण्याचा वेग तासाला १० मिलिमीटरच्या खाली आला, तिथे कापसाचे उत्पादन निम्म्याच्या आसपास घटलेले दिसले. म्हणजे ५ आणि १५ यांच्या मधली जमीन कागदावर निर्दोष ठरते आणि वावरात पीक देत नाही.

आमचा मुख्य आक्षेप हा आहे. वर्गीकरणाने जमिनीची वागणूक सांगावी, हे तत्त्व या पद्धतीनेच शिकवले. मग या चिकणमातीसाठी रेषाही तिच्या वागणुकीवरून, म्हणजे पाणी किती वेगाने उतरते यावरून ठरली पाहिजे. प्रश्न केवळ नावाचा नाही. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा आहे. जमिनीला कोणते नाव मिळाले, यावर तिला जिप्सम द्यायचे की नाही, निचऱ्याचे चर आधी काढायचे की कालव्याचे पाणी आधी आणायचे, हे ठरत असते. 'काळी, सुपीक' एवढेच कळले तर उत्तर एकच सुचते : पाणी आणा. न निचरणाऱ्या चिकणमातीवर ते उत्तर महाग पडू शकते.

वर्गात काय करता येईल

तीन साधे प्रयोग पुरेत. ओल्या मातीची अंगठ्या-बोटांत पट्टी ओढावी; चिकणमाती जास्त असेल तर लांब पट्टी न तुटता निघते. खालच्या थरातल्या मातीवर शिक्षकांनी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकावा; चुनखडी असेल तर फसफसते. तिसरा प्रयोग सर्वांत बोलका. मातीचा सुका, वाटाण्याएवढा खडा पावसाच्या किंवा ऊर्ध्वपातित पाण्यात अलगद सोडावा आणि न हलवता काही तास ठेवावा. खडा नुसता फुटून तळाशी बसला तर ठीक. त्याच्याभोवती दुधट ढग पसरला तर कण विखुरत आहेत, सोडियमची शंका घ्यावी आणि नमुना तपासणीला पाठवावा. विहिरीचे पाणी येथे वापरू नये. त्यातल्या क्षारांमुळे ढग दिसत नाही आणि माती चांगली असल्याचा भास होतो.

पाठ्यपुस्तकात जागा थोडी असते, हे आम्हाला मान्य आहे. म्हणून आम्ही परिच्छेद वाढवायला सांगत नाही, बदलायला सांगतो. 'ही माती फुगते आणि आकसते, म्हणून तिला भेगा पडतात. तिच्यात पाणी चांगले उतरत असेल तर ती कापसाला उत्तम; सोडियम वाढून पाणी अडत असेल तर तीच माती नापीक होते. रंगावरून हा फरक कळत नाही.' ही तीन वाक्ये जुन्या परिच्छेदापेक्षा लांब नाहीत. पुस्तक बदलेपर्यंत ती फळ्यावर लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.