वाळूचे कण आणि पिल्लाचे डोळे

पिक्सारची ‘पायपर’ (२०१६) पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी गोष्ट पाहिलीच नाही, वाळू पाहत बसलो. इंजिनिअर माणूस दुसरं काय करणार? ओले कण, विरणारा फेस, पिल्लाची भिजलेली पिसं, सगळं खरं वाटतं.

दुसऱ्यांदा पाहताना कळलं, दिग्दर्शक ॲलन बारिलारो यांनी हा खरेपणा भीतीसाठी वापरलाय. कॅमेरा वाळूला टेकलेला, म्हणून किनाऱ्यावरची साधी लाटही भिंतीसारखी अंगावर येते. लाट खोटी वाटली असती, तर सँडरलिंगच्या पिल्लाचं घाबरणं नुसतं गोंडस राहिलं असतं.

पिल्लू मात्र पूर्ण खरं नाही. त्याच्या डोळ्यांत ॲनिमेटरने भाव भरलेत. शंखातल्या खेकड्याचं बघून ते लाटेखाली तग धरायला शिकतं, हे एकाही संवादाशिवाय पोचतं ते त्यामुळेच. २०१९च्या ‘द लायन किंग’मध्ये चेहरेही हुबेहूब केले आणि मुफासा मेला तरी सिम्बाचा चेहरा गप्पच राहिला.

सहा मिनिटांच्या ‘पायपर’ला ऑस्कर मिळालं. तंत्राचं कौतुक करताना मी हल्ली आधी डोळे बघतो, वाळू नंतर.