स्वस्थ मेंदूचे नकाशे : कितपत खरे?

माणूस डोळे मिटून स्वस्थ पडला, तरी त्याचा मेंदू स्वस्थ नसतो. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला हा अवयव तेव्हाही शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खर्च करतो. अमेरिकेत १९९५ साली भरत बिस्वाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, हालचालींशी संबंधित असलेले मेंदूचे डावे व उजवे भाग विश्रांतीतही एकाच संथ लयीत चढउतार करतात. अशा जाळ्यांचे रंगीत नकाशे आता सर्वत्र दिसतात. पण ते काढणाऱ्या पद्धतींची तुलना क्वचितच केली जाते.

सर्वाधिक वापर होतो एफएमआरआयचा. मेंदूच्या खोल भागांतील जागाही ते काही मिलिमीटरपर्यंत नेमकी दाखवते. मात्र ते चेतापेशींचे संदेश मोजत नाही. रक्तातील प्राणवायूचे बदल मोजते, आणि हे बदल काही सेकंद उशिरा होतात. शिवाय श्वास, नाडी आणि डोक्याची हालचाल त्यात मिसळते. डोके मिलिमीटरपेक्षाही कमी हलले तरी जवळचे भाग अधिक जोडलेले व दूरचे कमी जोडलेले भासतात, हे २०१२ साली स्पष्ट झाले. लहान मुले जास्त हलतात. त्यामुळे 'वयानुसार मेंदूतील दूरच्या जोडण्या वाढतात' या निष्कर्षाचा काही भाग निव्वळ चुळबुळीचा होता!

ईईजी व एमईजी यांचे गुणदोष नेमके उलटे आहेत. चेतापेशींच्या विद्युतक्रियेतील सहस्रांश सेकंदाचे बदल ती टिपतात. पण ईईजीचे संकेत कवटीमुळे पसरट होतात. एमईजीला कवटीचा अडथळा फारसा नसतो, तरी खोलवरचे संकेत क्षीणच मिळतात. पेट तपासणीत किरणोत्सारी द्रव्य टोचावे लागते. निरोगी मुलांवर तिचा सर्रास वापर करणे योग्य नव्हे.

मग विश्वास कशावर ठेवावा? आमच्या मते, ज्यांचे दोष वेगवेगळे आहेत अशा पद्धतींच्या एकमतावर. एफएमआरआयमध्ये दिसलेली कित्येक जाळी २०११ साली एमईजीतही आढळली. तेथे रक्तप्रवाहाचा संबंध नसल्याने हा पुरावा आम्हाला मोलाचा वाटतो. एकट्या पद्धतीचे चित्र कितीही देखणे असले, तरी त्याला तेवढे वजन देता येत नाही.

'हुशार मुलाचा मेंदू' अशा मथळ्याचे चित्र वर्गात आले, तर शिक्षकांनी तीन प्रश्न जरूर विचारावेत : नेमके काय मोजले? मूल किती हलले? दुसऱ्या पद्धतीने तेच दिसले का? चित्रातले रंग मेंदूचे नसतात. आकडेमोडीनंतर संगणकाने भरलेले असतात.