स्मार्ट टीव्हीने कोणतं घर गृहीत धरलंय?

एरवी या ब्लॉगवर मी मातीतल्या ओलीबद्दल लिहिते. माझं पीएचडीचं काम तेच आहे. मातीच्या नमुन्यात मायक्रोवेव्ह लहरी सोडायच्या, त्यातल्या किती पुढे गेल्या आणि किती अडल्या ते मोजायचं, आणि त्यावरून मातीत पाणी किती आहे ते काढायचं. आज मात्र एका टीव्हीबद्दल लिहितेय. विषय सोडला असं वाटेल, पण ओल आणि मायक्रोवेव्ह दोन्ही यात येणारच आहेत.

आवणीच्या दिवसांत मी किन्हवलीहून सरळगावमार्गे मामांकडे गेले होते. मामांचं गाव मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या अलीकडे. मामेभाऊ भिवंडीच्या एका गोदामात कामाला आहे. त्याने पाडव्याला बत्तीस इंची स्मार्ट टीव्ही आणला होता. मी पोचले तेव्हा टीव्ही चालू होता आणि पडद्यावर एकच वाक्य होतं, नेटवर्क निवडा.

"तू डॉक्टर होणार ना गं? मग याला बघ जरा, याचं काय दुखतंय," मामा म्हणाले.

पीएचडीचा आणि औषधपाण्याचा संबंध नसतो, हे मी मामांना चार वर्षं सांगतेय. पण या वेळी रोगी तरी माझ्या विषयातला होता.

पहिली अडचण अशी की यादीत नेटवर्कच दिसत नव्हतं. मामांकडे राउटर नाही. घरात इंटरनेट म्हणजे मामेभावाच्या फोनचा हॉटस्पॉट. फोन सुरू, हॉटस्पॉट सुरू, माझ्या फोनला तो दिसतोय, टीव्हीला मात्र दिसत नाही. कारण साधं निघालं. वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. भारतात पहिला पट्टा २००५ साली विनापरवाना वापरासाठी खुला झाला, दुसऱ्याचा मोठा भाग २०१८ साली. फोन ५ वर बोलत होता आणि स्वस्तातल्या या टीव्हीला फक्त २.४ ऐकू येत होतं. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड बदलला आणि नाव यादीत आलं.

२.४ ने आणखी एक काम सोपं केलं. मामांचं घर अर्धं जुनं, अर्धं नवं. जुन्या भागाला कारवीचा कुड, वर शेणामातीचा लेप. नव्या भागाला विटा. दोन्हीवर पत्रा. फोनला रेंज मिळते ती ओटीवरच्या खिडकीत, आणि टीव्ही आहे मधल्या घरात. म्हणजे मध्ये एक कुडाची भिंत, आणि पावसाळ्यात ती भिंत ओली. आता माझा विषय. सुक्या मातीचा परावैद्युत स्थिरांक साधारण ३ ते ५ असतो, पाण्याचा ८० च्या आसपास. सोप्या भाषेत सांगायचं तर सुक्या मातीतून मायक्रोवेव्ह बऱ्यापैकी आरपार जातात, पण त्याच मातीत पाणी मुरलं की लहरींची बरीचशी ऊर्जा पाण्याच्या रेणूंना हलवण्यात खर्ची पडते आणि पलीकडे थोडीच पोचते. वारंवारता वाढली की हा तोटाही वाढतो. म्हणून ओल्या भिंतीपलीकडे ५ पेक्षा २.४ बरं. पत्रा तर धातूच, तो लहरी परतवूनच लावतो. मे महिन्यात चालणारी जोडणी जुलैत का अडखळते, याचं निदान एक कारण तुमच्या भिंतीत असू शकतं. लोक दोष कंपनीला देतात.

दुसरी अडचण पासवर्डची. रिमोटच्या चार बाणांनी पडद्यावरचं एकेक अक्षर गाठायचं. मोठी लिपी, छोटी लिपी, आकडे, चिन्हं, सगळ्यांचे तक्ते वेगळे. मामींनी दोनदा प्रयत्न करून सोडून दिला होता. पासवर्ड नको असं मी म्हणणार नाही, तो हवाच, नाहीतर शेजारचा कोणीही तुमचा डेटा वापरेल. पण तो लिहायची ही पद्धत बघून वाटतं की बनवणाऱ्याने ती एकदाच, खुर्चीत बसून, इंग्रजी सराईतपणे वाचत करून पाहिली असावी.

तिसरी अडचण सगळ्यात फसवी. पासवर्ड बरोबर पडला, पडद्यावर आलं, 'जोडले गेले, इंटरनेट नाही.' फोनवर तर इंटरनेट व्यवस्थित चालू होतं. शेवटी सेटिंगमध्ये तारीख पाहिली. तिथे काही वर्षांपूर्वीची १ जानेवारी होती. कोणीतरी तारीख 'आपोआप' ऐवजी 'हाताने' वर ठेवलेली आणि वीज गेली की घड्याळ मूळपदावर. आता तारखेचा इंटरनेटशी काय संबंध? संबंध आहे. सुरक्षित जोडणी करताना समोरचा सर्व्हर आपलं प्रमाणपत्र दाखवतो. त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं असतं. टीव्हीच्या मते आज काही वर्षांपूर्वीचा दिवस, म्हणजे प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही. म्हणून टीव्ही जोडणी नाकारतो. तो आपल्या परीने बरोबरच वागत असतो. चूक एवढीच की तो खरं कारण सांगत नाही. 'तारीख तपासा' हे दोन शब्द लिहिले असते तर मामांनी ते तीन महिन्यांपूर्वीच केलं असतं.

तारीख दुरुस्त केली, टीव्ही लागला. मामींनी रिमोटमध्ये मराठीत बोलून भजन शोधलं, आणि ते सापडलंही. हे मान्य करायला हवं की मराठीतून बोलून शोधायची ही सोय खरंच चांगली आहे. ज्यांना टाइप करता येत नाही त्यांना तिने दार उघडून दिलंय.

मग संध्याकाळी सातला मामेभाऊ रात्रपाळीला निघाला. फोन खिशात घालून. टीव्ही पुन्हा तिथेच आला: नेटवर्क निवडा.

माझी खरी टीका इथून सुरू होते. बँड, पासवर्ड, तारीख या दुरुस्त होणाऱ्या गोष्टी आहेत. पण घरातलं नेटवर्क रोज संध्याकाळी उठून कामाला जातं, ही शक्यता त्या टीव्हीच्या कल्पनेतच नाही.

मॅडलिन आक्रिश या फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बाईंचा १९९२ साली आलेला एक लेख आमच्या विद्यापीठात एका कार्यशाळेत वाचायला दिला होता. तंत्रज्ञानाची वस्तू बनवणारे लोक तिच्यात एक संहिता लिहून ठेवतात, असं त्या म्हणतात. नाटकाच्या संहितेसारखीच. वापरणारा कोण, त्याला काय येतं, त्याच्या आजूबाजूला काय आहे, कोणी काय करायचं, हे सगळं त्या वस्तूत आधीच ठरलेलं असतं. त्यांचं एक उदाहरण सौरदिव्याच्या संचाचं आहे. हा संच फ्रान्समध्ये आखलेला आणि आफ्रिकेत वापरायला पाठवलेला. लोकांनी छेडछाड करू नये म्हणून त्याच्या तारा ठरावीक लांबीच्या आणि जोडण्या बाजारात न मिळणाऱ्या मापाच्या ठेवल्या होत्या. परिणाम असा झाला की खोली जरा वेगळी असली की अडचण, आणि गावातल्या इलेक्ट्रिशियनला हात घालायला जागाच नाही. बनवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या संहितेत ते घर नव्हतं, इतकंच.

मामांच्या टीव्हीची संहिता वाचली तर ती अशी आहे. घरात चोवीस तास एका जागी असलेलं नेटवर्क आहे. डेटा मोजून वापरावा लागत नाही. एका माणसाचं ईमेल खातं आहे आणि तो माणूस घरात आहे. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये हे सगळं खरं आहे. शहापूर-मुरबाडच्या कितीतरी घरांत यातलं एकही खरं नाही. इथे घरटी एक चांगला फोन, आणि तो ज्याच्याकडे असतो तो पहाटे आसनगाव किंवा कसाऱ्याहून लोकल पकडतो, नाहीतर एसटीने कल्याण गाठतो. मागे राहतात म्हातारी माणसं, बायका आणि शाळेतली पोरं. टीव्ही त्यांच्यासाठीच घेतलेला असतो.

डेटाचं गणितही पाहा. रोजचा दीड जीबीचा पॅक घेणारी घरं खूप आहेत. एचडी दर्जाचा व्हिडिओ तासाला ३ जीबीपर्यंत डेटा खाऊ शकतो. म्हणजे दिवसभराचा डेटा अर्ध्या तासात संपला. मजा अशी की अँड्रॉइड फोन हॉटस्पॉट देताना जोडणाऱ्या यंत्राला 'हा डेटा मोजून मिळणारा आहे' असा छोटा निरोप धाडतो. टीव्हीने तो ऐकून आपणहून कमी दर्जाचं चित्र लावलं तर काय बिघडेल? मामांच्या टीव्हीने तसं काही केलं नाही.

यावर कोणी म्हणेल, थोडा धीर धर, फायबर येतंय. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं. सार्वजनिक वायफायसाठी पीएम-वाणी डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली. दोन्ही कामं मोलाची आहेत. पण ग्रामपंचायतीच्या कचेरीपासून पाड्यावरच्या घरापर्यंतचं अंतर उरतंच. आणि सार्वजनिक वायफायला बहुतेक वेळा फोनवर आपली ओळख पटवून आत जावं लागतं. टीव्हीला ना सिमकार्ड, ना ओटीपी. म्हणजे वायफाय दारात आलं तरी टीव्ही उंबऱ्याबाहेरच.

आणि आमच्या भागाला तंत्रज्ञान झेपत नाही, असाही अर्थ कोणी काढू नये. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा शिक्षक संदीप गुंड यांच्या कामामुळे डिजिटल शाळा म्हणून राज्यभर गाजली. इथल्या पोरांना पडदा हाताळता येतो. पडद्याला इथलं घर कळत नाही, ही तक्रार आहे.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. तेव्हापासून टीव्ही म्हणजे हवेतून येणारं चित्र. एकदा अँटेना लावला, पुढे छत्री लावली, की कोणाचा पासवर्ड नाही, कोणाचा फोन नाही. जुलै २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका सुरू झाली. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता त्या घरातल्या मुलालाही ती बघता येत होती, टीव्ही आणि छत्री एवढं पुरत होतं. मामांकडे छत्री आहे, सेट-टॉप बॉक्सही आहे, केबल टीव्हीच्या मागे जोडलेलीसुद्धा होती. पण टीव्ही सुरू झाला की आधी इंटरनेट मागायचा, आणि 'आत्ता नको' ही ओळ सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत. ती पार केली की 'इनपुट' नावाच्या खणात सेट-टॉप बॉक्स लपलेला. तीन महिने मामींना वाटत होतं की नेट नाही म्हणजे टीव्हीच बंद. जुना डबा टीव्ही काढून टाकला आणि त्याबरोबर सह्याद्रीही गेली, असं त्यांनी धरून घेतलं होतं.

माझ्या मते सुधारणा अवघड नाहीत. पहिल्याच पडद्यावर दोन सारख्या आकाराची बटणं द्या: 'इंटरनेट आहे' आणि 'इंटरनेट नाही, टीव्ही दाखवा'. शेवटचं जे चालू होतं तेच सुरू होताना लागू द्या. तारीख चुकली असेल तर तसं सांगा. फोनचा हॉटस्पॉट दिसला तर चित्राचा दर्जा उतरवा आणि किती डेटा गेला तो आकडा कोपऱ्यात दाखवा. यातल्या कशालाही नवा शोध लागत नाही. फक्त संहिता लिहिताना समोर मामींचं घर हवं.

तुमच्याकडे टीव्ही अडला असेल तर याच क्रमाने बघा. आधी तारीख आणि वेळ, ती 'आपोआप' वर ठेवा. मग हॉटस्पॉटचा बँड २.४ वर आणा. फोन आणि टीव्ही यांच्यामध्ये ओली भिंत किंवा पत्रा येत असेल तर फोनची जागा बदला. व्हिडिओचा दर्जा ४८० वर ठेवा, बत्तीस इंचांवर दहा फुटांवरून चालून जातो.

निघायच्या आधी मी टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि त्यावर जाड पेनाने मराठीत लिहून तो टीव्हीशेजारी टांगला: 'दादा घरी नसेल तेव्हा. रिमोटवरचं बाणाचं चौकोनी बटण एकदा. खाली दोनदा. मधलं गोल बटण.' मामींनी माझ्यासमोर तीनदा करून पाहिलं. चौथ्यांदा बातम्या लागल्या तेव्हा त्यांनी मला गप्प बसायला सांगितलं, पावसाचं सांगत होते.