सुवर्ण-नॅनोकणांचे रंगसंवेदक आणि वाशीमच्या विहिरीचे पाणी : एक चिकित्सा

महागड्या उपकरणांविना, केवळ रंगबदल पाहून पाण्यातील घातक धातू ओळखता येतात, असा दावा धातूंच्या नॅनोकणांविषयीच्या संशोधनलेखांत वारंवार आढळतो. विहिरी व कूपनलिकांवर विसंबून असलेल्या वाशीम जिल्ह्याला हे आश्वासन मोलाचे वाटणे स्वाभाविक आहे. सबब त्याची चिकित्सा आवश्यक ठरते.

तत्त्व निर्विवाद आहे. सुमारे 13 नॅनोमीटर व्यासाचे सुवर्णकण पाण्यात सुटे असताना 520 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतात व द्रावण माणकासारखे लाल दिसते. कण एकत्र आले की ते निळसर होते. शिशाला धरून ठेवणारे रेणू कणांवर बसविल्यास शिसे कणांना जोडते आणि रंग पालटतो.

तथापि, कण एकत्र आले एवढेच रंग सांगतो. कशामुळे, हे सांगत नाही. सोन्याच्या लाल द्रावणात मीठ टाकल्यास ते निळे होते, हे मायकेल फॅरडे यांनी 1857 मध्येच नोंदविले होते. सायट्रेटचे आवरण असलेल्या कणांमधील प्रतिकर्षण कॅल्शियम व मॅग्नेशियम यांमुळे विशेषत्वाने क्षीण होते. वाशीमची भूमी बेसाल्ट खडकाची. तेथील भूजलात हेच क्षार उतरतात. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते पाणी शिसे नसतानाही निळा रंग दाखवू शकते. भारतीय मानक 10500 (2012) नुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम, तर कॅल्शियमची ग्राह्य मर्यादा 75 मिलिग्रॅम. म्हणजे वजनाने 7500 पट. ईडीटीए घालून कॅल्शियम बांधावे, तर ते शिशाला त्याहून घट्ट धरते!

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी गवती चहाच्या अर्कापासून त्रिकोणी सुवर्णकण घडविले. तो शोधनिबंध 2004 चा. त्यानंतर वनस्पतींच्या अर्कांपासून कण घडविणारे लेख विपुल झाले. त्यांतील अनेकांना शेवटी संवेदनाचा एक परिच्छेद जोडलेला असतो आणि प्रयोग मात्र ऊर्ध्वपातित पाण्यात केलेला असतो. मूळ काम कण घडविण्याचे होते, हे येथे विसरले जाते.

चुकीच्या निळ्या रंगामुळे चांगली विहीर बंद पडली, तर हंडा घेऊन दूर जावे लागते ते गावातील स्त्रियांना. उलटपक्षी, पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये कणांवर बसून त्यांना सुटे ठेवतात व शिसे असूनही द्रावण लालच राहू शकते. म्हणून रिसोड वा मानोरा तालुक्यातील एकाच विहिरीचे पाणी उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर घ्यावे, त्यात ज्ञात प्रमाणात शिसे मिसळावे आणि आण्विक शोषण वर्णपटमापीच्या आकड्यांशी रंगाची तुलना करावी. तोवर अशा लेखाच्या शीर्षकात ‘संवेदक’ऐवजी ‘रंगबदलाचे निरीक्षण’ हे शब्दच योग्य ठरतील.